दोन खुंट्या आणि एक सूत

मे महिन्यातली संध्याकाळ होती. बहिणीच्या घरी सातवीतली भाची तापाने पडलेली. काखेतला थर्मामीटर काढून तिच्या आईने पाहिलं आणि म्हणाली, "एकशे दोन." समोर टीव्हीवर बातम्या चालू होत्या. नागपूरचा पारा पंचेचाळिसावर गेल्याचं निवेदिका सांगत होती. पांघरुणातून प्रश्न आला, "मामा, नागपूरला पंचेचाळीस आणि मला एकशे दोन? म्हणजे मी नागपूरच्या दुपटीने तापलेय?"

हवेचं तापमान सेल्सिअसमध्ये सांगायचं आणि अंगातला ताप फॅरनहाइटमध्ये मोजायचा, ही दुहेरी पद्धत आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की असा प्रश्न मोठ्यांना पडतच नाही. शाळेत एक सूत्र पाठ केलेलं असतं. त्यात नऊ पंचमांश असतात आणि बत्तीसही असतात. पण आधी गुणायचं की आधी बत्तीस मिळवायचे, नऊ वर की पाच वर, इथे येऊन आठवण दगा देते. मला तर वाटतं, हे सूत्र पाठ करूच नये. ते दोन मिनिटांत स्वतः तयार करता येतं. त्यासाठी दोनच गोष्टी ठाऊक हव्यात: बर्फ वितळतो ते तापमान सेल्सिअसवर ० आणि फॅरनहाइटवर ३२, समुद्रसपाटीला पाणी उकळतं ते सेल्सिअसवर १०० आणि फॅरनहाइटवर २१२. या दोन खुणांमधून एकच सरळ रेषा जाते आणि बाकीचं सगळं ती रेषा सांगते.

गवंड्याचं सूत

विटांचा थर रचण्याआधी गवंडी भिंतीच्या दोन्ही टोकांना एकेक खुंटी ठोकतो आणि त्यांच्यामध्ये सूत ताणतो. मग मधली प्रत्येक वीट त्या सुताला लागून बसते. एकच खुंटी असती, तर सूत तिच्याभोवती हवं तिकडे फिरवता आलं असतं. दुसरी खुंटी ठोकली की सुताला फिरायला जागाच उरत नाही. एका बिंदूतून असंख्य रेषा जातात, दोन वेगळ्या बिंदूंमधून मात्र एकच. ख्रिस्तपूर्व ३००च्या सुमारास युक्लिडने भूमितीची मांडणी केली, तेव्हा एका बिंदूपासून दुसऱ्या बिंदूपर्यंत सरळ रेषा काढता येते, हेच त्याचं पहिलं गृहीतक होतं.

सूत डोळ्यांना दिसतं. समीकरण म्हणजे त्याच सुतावर बसण्याची अट. जो बिंदू अट पाळतो तो रेषेवर, जो पाळत नाही तो रेषेबाहेर. आकृतीला असं अटीत बांधता येतं, ही मोठी झेप सतराव्या शतकात फ्रान्समध्ये घेतली गेली. देकार्तचा भूमितीवरचा ग्रंथ १६३७ साली प्रसिद्ध झाला आणि त्याच सुमारास फर्मानेही स्वतंत्रपणे तीच वाट शोधली होती. काटकोनात काढलेले दोन अक्ष आज आपल्याला ओळखीचे आहेत, ते या रूपात पुढे रूढ झाले. पण बिंदू म्हणजे दोन संख्यांची जोडी आणि रेषा म्हणजे त्या संख्यांमधलं नातं, ही दृष्टी तेव्हाची.

आपल्या दोन खुणाही अशाच जोड्या आहेत: (०, ३२) आणि (१००, २१२). जोडीतली पहिली संख्या सेल्सिअसची, दुसरी फॅरनहाइटची. आता यांच्यातलं सूत अटीत बांधायचं आहे.

चढ म्हणजे घाटातला चढ

कर्जत सोडून लोणावळ्याकडे निघालेल्या गाडीला मागून जादा इंजिनं जोडतात, कारण पुढे भोर घाट आहे. १८६३ साली वाहतुकीला खुल्या झालेल्या या लोहमार्गाचा तीव्र चढ ३७ला १ असा आहे. म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की गाडी १ मीटर वर चढते. रस्त्यावरून चालणाऱ्याला हा चढ जाणवणारही नाही, पण शेकडो टनांची गाडी ओढणाऱ्या इंजिनाला तो चांगलाच जाणवतो.

गणिताच्या पुस्तकातही शब्द तोच आहे: रेषेचा चढ. वर किती गेलो, भागिले पुढे किती गेलो. घाटातला चढ जागोजागी बदलतो, कुठे तीव्र तर कुठे सौम्य. सरळ रेषेचा चढ मात्र कुठेही मोजला तरी तेवढाच भरतो. रेषेच्या सुरुवातीला मोजा, शेवटी मोजा, जवळचे दोन बिंदू घ्या किंवा दूरचे. उत्तर बदलत नाही. रेषेचं सरळपण म्हणजे हेच आणि समीकरण काढण्याची सगळी युक्ती या एका वाक्यात आहे.

आपल्या दोन खुणांमध्ये वर जाणं २१२ − ३२ = १८०, पुढे जाणं १०० − ० = १००. चढ = १८० ÷ १०० = ९/५. म्हणजे सेल्सिअस एक अंशाने वाढला की फॅरनहाइट १.८ अंशांनी वाढतो. पाठ केलेल्या सूत्रातले ते गूढ नऊ पंचमांश हे एवढेच.

आता रेषेवरचा कोणताही बिंदू घेऊ. त्याच्या संख्या आपल्याला माहीत नाहीत, म्हणून त्यांना नावं देऊ. भास्कराचार्यांच्या बीजगणितात पहिल्या अज्ञात राशीला यावत्तावत् म्हणत आणि पुढच्या राशींना कालक, नीलक, पीतक अशी रंगांची नावं देत. लिहिताना त्यांची पहिली अक्षरं घेत: या, का, नी, पी. त्याच रीतीने आपण सेल्सिअससाठी 'से' आणि फॅरनहाइटसाठी 'फा' लिहू. बिंदू झाला (से, फा).

हा बिंदू आपल्या रेषेवर असेल, तर (०, ३२)पासून त्याच्यापर्यंतचा चढही ९/५ असायला हवा:

(फा − ३२) ÷ (से − ०) = ९/५

दोन्ही बाजूंना 'से'ने गुणून ३२ पलीकडे नेले की

फा = (९/५) × से + ३२

झालं समीकरण. आधी गुणायचं की मिळवायचं, हा संभ्रमही संपला. बत्तीस ही सुरुवात आहे, रेषा तिथून निघते. नऊ पंचमांश ही पुढची चाल आहे. 'से'च्या जागी १०० ठेवून पाहा: १८० + ३२ = २१२. दुसरी खुंटीही अट पाळते. समीकरण काढल्यावर न वापरलेला बिंदू त्यात घालून पाहण्याची सवय प्रत्येक विद्यार्थ्याने लावून घ्यावी. त्याला अर्धं मिनिट लागतं आणि बेरीज-वजाबाकीची चूक तिथेच सापडते.

नागपूरचे ४५ अंश म्हणजे ८१ + ३२ = ११३ फॅरनहाइट. भाचीचे १०२ म्हणजे (१०२ − ३२) × ५/९, सुमारे ३८.९ सेल्सिअस. ती नागपूरच्या दुपटीने तर सोडाच, नागपूरइतकीही तापली नव्हती.

दुपटीचा प्रश्न

पण तिच्या 'दुपटीने' या शब्दात खरी गोम आहे. १० सेल्सिअस म्हणजे ५० फॅरनहाइट. मग २० सेल्सिअस म्हणजे १०० फॅरनहाइट का नाही? समीकरण सांगतं, ३६ + ३२ = ६८. एका मापावर संख्या दुप्पट झाली, दुसऱ्यावर झाली नाही. कारण ही रेषा आरंभबिंदूतून जात नाही, ती ३२वरून निघते. एक किलोला इतके तर पाच किलोला किती, हे त्रैराशिक चालतं, कारण शून्य किलोला शून्य रुपये पडतात. शून्याला बत्तीस असेल, तिथे सरळ त्रैराशिक लावलं की उत्तर चुकतं.

मात्र तफावतींचं त्रैराशिक चालतं. सेल्सिअसमध्ये १० अंशांचा फरक म्हणजे फॅरनहाइटमध्ये १८चा, २० अंशांचा फरक म्हणजे ३६चा. दोन बिंदूंच्या रेषेचं समीकरण म्हणजे दुसरं काही नसून तफावतींचं त्रैराशिक आहे. पहिला बिंदू (क्ष१, य१), दुसरा (क्ष२, य२) आणि रेषेवरचा कोणताही बिंदू (क्ष, य) असेल, तर

(य − य१) ÷ (क्ष − क्ष१) = (य२ − य१) ÷ (क्ष२ − क्ष१)

डावीकडे अनोळखी बिंदूपर्यंतचा चढ, उजवीकडे दोन ओळखीच्या बिंदूंमधला चढ. दोन्ही सारखे. पुस्तकात हे सूत्र चौकटीत छापलेलं असतं आणि म्हणून भीतिदायक वाटतं. प्रत्यक्षात ते 'चढ सगळीकडे तेवढाच' एवढंच म्हणतं.

आरंभाची खूण हाताशी नसली तरी अडत नाही. समजा, ० आणि १००च्या खुणा ठाऊकच नाहीत. फक्त १०ला ५० आणि ३५ला ९५ एवढंच माहीत आहे. चढ = (९५ − ५०) ÷ (३५ − १०) = ४५ ÷ २५ = ९/५. मग फा − ५० = (९/५)(से − १०), म्हणजे फा = (९/५) से − १८ + ५०. शेवटी उरतात ३२. खुंट्या वेगळ्या होत्या, सूत तेच निघालं.

ऋण संख्या आल्या की हात अडखळतो, म्हणून एक उदाहरण तेही करू. बिंदू (−२, ७) आणि (४, −५). वर जाणं: −५ − ७ = −१२. पुढे जाणं: ४ − (−२) = ६. चढ = −२; उणे चिन्ह सांगतं की ही रेषा उतरती आहे. मग य − ७ = −२(क्ष + २), म्हणजेच य = −२क्ष + ३. ताळा: क्षच्या जागी ४ ठेवला की −८ + ३ = −५. जमलं. पहिला बिंदू कोणता आणि दुसरा कोणता हे आपल्या मर्जीवर आहे, पण वर ज्या क्रमाने वजाबाकी केली त्याच क्रमाने खालीही करायची. वर दुसऱ्यातून पहिला आणि खाली पहिल्यातून दुसरा वजा केला, तर चढ उलटतो आणि चढणीची उतरण होते.

उभ्या रेषेचं प्रकरण वेगळं आहे. गवंड्याच्या ओळंब्याची दोरी घ्या. तिच्यावर (४, १) आणि (४, ९) असे बिंदू असतील, तर वर जाणं ८ आणि पुढे जाणं शून्य. शून्याने भागता येत नाही, म्हणून ओळंब्याला चढच नाही. पण अट आहे आणि ती अगदी साधी आहे: क्ष = ४. पाणसळीत असलेल्या आडव्या रेषेचा चढ मात्र शून्य असतो. 'चढ शून्य' आणि 'चढ नाही' या दोन गोष्टींत ओळंबा आणि पाणसळ यांच्याइतकं अंतर आहे.

कोष्टकातल्या मोकळ्या जागा

समीकरण या रूपात लिहिलं जाण्याच्या कितीतरी आधी हे तफावतींचं त्रैराशिक आपल्याकडे रोजच्या वापरात होतं. आर्यभटाने ४९९च्या सुमारास ज्यांचं, म्हणजे आजच्या साइनचं, कोष्टक दिलं. त्यात काटकोनाचे २४ भाग होते आणि दर ३ अंश ४५ कलांना, म्हणजे २२५ कलांना, एक नोंद. त्रिज्या ३४३८ धरलेली. २६ अंश १५ कलांची ज्या १५२० आणि ३० अंशांची १७१९. पण ग्रह काही कोष्टकाच्या ओळी पाहून थांबत नाही. २८ अंशांची ज्या हवी असेल तर काय करायचं?

दोन नोंदी म्हणजे दोन खुंट्या, त्यांच्यामध्ये सूत ताणायचं. २८ अंश म्हणजे १६८० कला. २२५ने भागल्यावर भागाकार ७ आणि बाकी १०५. सातवी नोंद १५२०, पुढच्या नोंदीशी फरक १९९. बाकीला फरकाने गुणून २२५ने भागायचं: १०५ × १९९ ÷ २२५, सुमारे ९२.९. उत्तर १६१२.९. ही रीत सूर्यसिद्धांतात दिलेली आहे. आजच्या गणकयंत्रावर ३४३८ त्रिज्येला २८ अंशांची ज्या सुमारे १६१४.० येते. हाताने केलेलं काम, चूक हजारात एकाहून कमी.

तरीही चूक आहे आणि ती का आहे, हे समजून घेण्यासारखं आहे. ज्या-वक्र सरळ नाही, तो वरच्या अंगाला फुगलेला आहे. सूत त्याच्या खालून जातं, म्हणून उत्तर किंचित कमी येतं. ही उणीव भरून काढायला ब्रह्मगुप्ताने ६६५च्या खंडखाद्यकात दोन लगतच्या फरकांचा उपयोग करून सुतालाच थोडा बाक दिला. भास्कराचार्यांनी ११५०च्या लीलावतीत त्रैराशिकाचा गौरव करताना म्हटलं की विष्णूने जसं विश्व व्यापलं आहे, तसं त्रैराशिकाने गणित व्यापलं आहे. त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापला. त्याची नोंद असलेला शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटणला आहे.

सूत ताणण्यापूर्वी

थर्मामीटरचा इतिहास हाही खुंट्या ठोकण्याचाच इतिहास आहे. फॅरनहाइटने १७२४ साली आपली पद्धत प्रसिद्ध केली, तेव्हा त्याने तीन खुणा सांगितल्या: बर्फ, पाणी आणि नवसागर यांच्या मिश्रणाला ०, नुसत्या बर्फ-पाण्याला ३२, निरोगी माणसाच्या शरीराला ९६. पुढे ३२ आणि २१२ या दोन खुंट्या पक्क्या धरल्या गेल्या आणि सूत त्यांच्यात ताणलं गेलं. तेव्हा शरीराची खूण सुताने दाखवली तिथे, ९८.६च्या आसपास, जाऊन बसली.

स्वीडनमध्ये उप्सालाला खगोलशास्त्र शिकवणाऱ्या अँडर्स सेल्सिअसने १७४२ साली जो निबंध लिहिला, त्याचा विषयच थर्मामीटरवरच्या दोन स्थिर खुणा हा होता. पण त्याने उकळत्या पाण्याला ० आणि गोठणाऱ्या पाण्याला १०० दिलं होतं. त्याच्या मूळ मापावर आपल्या जोड्या होतात (०, २१२) आणि (१००, ३२), चढ −९/५ आणि समीकरण फा = २१२ − (९/५) से. जितकी उष्णता जास्त, तितका आकडा कमी. १७४४ साली सेल्सिअस वारला आणि त्यानंतर लवकरच हे माप उलटं करण्यात आलं. निसर्ग तोच, पाणी तेच. खुंट्यांची नावं बदलली आणि उतरणीची चढण झाली.

उकळत्या पाण्याची खूण हवेच्या दाबाप्रमाणे सरकते, हेही सेल्सिअसने त्याच निबंधात नोंदवलं. सुमारे १३५० मीटर उंचीवरच्या महाबळेश्वरला पाणी ९५-९६ अंशांनाच उकळू लागतं. तिथे पातेल्यातल्या उकळीला १०० समजून थर्मामीटरवर खूण केली, तर पुढचं गणित कितीही शुद्ध असो, मधला प्रत्येक आकडा चुकीचा येईल. म्हणून खुंटी घट्ट आहे का, हे आधी पाहायचं.

दुसरी गोष्ट याहून मोठी आहे. कोणतेही दोन बिंदू द्या, त्यांच्यातून रेषा जाणारच. ती कधी नाही म्हणत नाही. पण मोजली जाणारी गोष्ट मुळात सरळ चालते की नाही, हे दोन बिंदूंना ठाऊक नसतं. नळीत पाऱ्याऐवजी पाणी भरून थर्मामीटर केला तर काय होईल? शून्यापासून चार अंशांपर्यंत पाणी तापवलं की ते प्रसरण पावण्याऐवजी आकसतं आणि मग पुढे फुगू लागतं. तो थर्मामीटर आधी खाली उतरेल, मग वर चढेल आणि एकच पातळी दोन तापमानांना दाखवेल. त्यावर दोन खुणा करून मधले शंभर भाग पाडले, तर काच सुबक दिसेल आणि आकडे खोटे बोलतील. पारा बराचसा समान गतीने फुगतो, म्हणून दोनच खुणांवर त्याचं काम निभावतं.

मुंबईच्या रिक्षात पहिल्या दीड किलोमीटरला किमान भाडं आणि पुढे अंतराप्रमाणे वाढ. ही रेषा दीड किलोमीटरवर मोडते. एक नोंद मोडीच्या अलीकडची आणि एक पलीकडची घेऊन समीकरण काढलं, तर ते त्या दोन प्रवासांपुरतंच खरं. किंवा पाचव्या वर्षी ११० सेंटिमीटर आणि दहाव्या वर्षी १४० सेंटिमीटर उंची असलेलं मूल घ्या. चढ वर्षाला ६, समीकरण उंची = ६ × वय + ८०. आठव्या वर्षासाठी ते १२८ सांगतं, ते पटण्यासारखं आहे. चाळिसाव्या वर्षी तेच समीकरण ३२० सेंटिमीटर सांगतं आणि जन्मताना ८०, तर नवजात बाळ असतं जेमतेम ५० सेंटिमीटरचं. गणितात कुठेही चूक नाही. चूक आहे ती सूत खुंट्यांच्या बाहेर खेचण्यात.

यावर उपाय एकच आहे आणि तोही साधा आहे: तिसरा बिंदू. दोन बिंदू रेषा देतात, तिसरा साक्ष देतो. त्या संध्याकाळी आलेखाच्या कागदावर भाचीने (०, ३२) आणि (१००, २१२) हे ठिपके दिले आणि पट्टीने रेषा ओढली. मग मी तिला थर्मामीटरची काच उजेडात धरायला सांगितली. तिच्यावर दोन्ही मापं होती, ३७च्या शेजारी ९८.६. तिने कागदावर ३७पासून सरळ वर बोट नेलं. ते रेषेला जिथे टेकलं, तिथला आकडा ९८ आणि ९९च्या मध्ये होता. "बसला," ती म्हणाली. मग तिने नागपूर शोधलं, ४५ला ११३. आणि पुन्हा काचेवर पाहून विचारलं, "पण यात तर १०८च्या पुढे खुणाच नाहीत."

कागदावरच्या रेषेला शेवट नाही, माणसाच्या अंगातल्या तापाला मात्र आहे. म्हणून काच बनवणाऱ्याने सूत तिथेच कापलं होतं.